पेंटबॉलला मुलं पाठवताय? आधी मास्क बघा



सुट्टी लागली की लोणावळा-कर्जतकडच्या रिसॉर्टांत आणि शिबिरांत मुलं पेंटबॉल खेळायला जातात. खेळ मजेचा आहे, जरूर खेळू द्या. पण पैसे भरताना आपण जेवणात काय आहे ते विचारतो, खोली एसी आहे का विचारतो, आणि पोराच्या तोंडावर चढणारा मास्क कसला आहे हे मात्र कुणी विचारत नाही.

पेंटबॉलची गोळी जेमतेम १७ मिलिमीटरची. औषधाच्या कॅप्सूलसारखं जिलेटिनचं कवच आणि आत धुतला जाणारा रंग. बंदुकीच्या नळीतून ती सेकंदाला ३०० फुटांपर्यंतच्या वेगाने सुटते. म्हणजे ताशी सुमारे ३३० किलोमीटर. मांडीवर बसली तर काळंनिळं होतं, काही दिवसांत जातं. डोळ्याचं तसं नाही. क्रिकेटचा चेंडू आला तर भुवईचं आणि गालाचं हाड बराचसा मार झेलतं. ही गोळी लहान असल्याने त्या हाडांच्या मधल्या जागेतून थेट बुबुळावर आदळते. आत रक्त साचतं, पडदा सुटू शकतो, दृष्टी कायमची जाऊ शकते.

म्हणून मास्क पेंटबॉलचाच हवा, डोळे, कान आणि तोंड झाकणारा. पोहण्याचा गॉगल, वेल्डिंगचा चष्मा, नेहमीचा नंबरचा चष्मा यांतलं काहीच चालणार नाही. काचेला तडा नाही ना, पट्टा सैल नाही ना, हे हातात घेऊन बघा. मुलाला चष्मा असेल तर तो आत नीट बसतो का तेही बघा.

नेत्रतज्ज्ञांकडे येणाऱ्या या खेळातल्या गंभीर इजा बहुतेक मास्क घातलेला नसताना किंवा मध्येच काढल्यावर झालेल्या असतात. मुलं तो का काढतात? आपल्याकडच्या दमट हवेत काचेवर वाफ धरते, काही दिसेनासं होतं, घाम पुसायला हात आपोआप वर जातो. शिवाय फोटोची हौस, आणि ती मुलांपेक्षा आपल्यालाच जास्त! दुहेरी काचेच्या मास्कवर वाफ कमी धरते, तो मागून घ्या. आणि मुलाला घरीच पढवून ठेवा: दिसेनासं झालं तर खाली बसायचं, मान खाली घालायची, मास्क दोन्ही हातांनी घट्ट धरायचा आणि मार्शलला, म्हणजे मैदानावरच्या पंचाला, हाक मारायची. मैदानाच्या जाळीबाहेर येईपर्यंत मास्क काढायचा नाही.

मैदानवाल्यांना विचारा, गोळीचा वेग मोजायचं यंत्र आहे का आणि आज मोजला का. खेळ थांबला की प्रत्येक नळीवर कापडी टोपी चढली पाहिजे. दहा वर्षांखालच्या मुलांच्या हाती मोठी बंदूक देऊ नका. त्यांच्यासाठी कमी जोराच्या, छोट्या गोळीच्या बंदुका मिळतात. बाकी जुने पूर्ण बाह्यांचे कपडे, बूट, गळ्याला रुमाल, मुलग्यांना क्रिकेटचा गार्ड.

एवढं करूनही डोळ्याला लागलंच तर चोळू नका, दाबू नका. दिसतंय म्हणून थांबू नका, आतली इजा लगेच कळत नाही. त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाला दाखवा.

बुकिंगच्या फोनवर पहिला प्रश्न मास्कचा विचारा. उत्तर गुळमुळीत आलं तर तिथे मुलांना पाठवू नका.