घरचा संगणक, दफ्तरचा संगणक
दोष यंत्रात, वायरीत की फाइलच्या जागी?

प्रश्न : मी एका मालवाहतुकीच्या ऑफिसात बिल्ट्या आणि बिले करते. ऑफिसात पाच संगणक एकमेकांना जोडलेले आहेत. हिशेबाची फाइल शेठजींच्या संगणकावर आहे, आम्ही चौघे ती आपापल्या जागेवरून उघडतो. बाकी तिघांचे काम नीट चालते, माझ्याच पडद्यावर चक्र फिरत राहते. शेठजी म्हणतात, तुझाच हात चालत नाही. दुरुस्तीवाले म्हणतात, नवा संगणक घ्या. नोकरी नवीन आहे. खरा दोष मी कसा ओळखू?

उत्तर : तुमच्या पत्रातच अर्धे उत्तर आहे. बाकी तिघांना तीच फाइल झटपट मिळते, म्हणजे शेठजींच्या संगणकावर संशय घ्यायचे कारण नाही. सगळ्यांचे काम एकाच वेळी अडले असते तर गोष्ट वेगळी होती. आता उरल्या दोन जागा : तुमचे यंत्र आणि मधली वायर.

या दोहोंत निवड करायला एक सोपी कसोटी आहे. सामायिक फोल्डरमधली एखादी मोठी पीडीएफ किंवा एक्सेलची फाइल आपल्या डेस्कटॉपवर कॉपी करा आणि तिथून उघडा. तीही रडतखडत उघडली तर दोष यंत्रात. डेस्कटॉपवरून पटकन आणि सामायिक फोल्डरमधून सावकाश उघडली तर दोष वाटेत.

यंत्रावर संशय असेल तर संगणक सुरू करून पंधरा-वीस मिनिटे जाऊ द्या. सुरुवातीला अपडेट आणि अँटिव्हायरस चालू असतात, त्यावरून निदान करू नये. मग कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात मेमरी आणि डिस्क यांचे टक्के पाहा. डिस्क सतत १०० टक्क्यांवर असेल आणि आत जुनी, फिरणारी हार्डडिस्क असेल, तर तिच्या जागी एसएसडी बसवल्याने संगणक पुष्कळ हलका होतो. मेमरी काठोकाठ भरलेली असेल तर यंत्र डिस्कचा मेमरीसारखा वापर करू लागते आणि मंदावते. ४ जीबी रॅमवर आजचे ब्राउझर आणि हिशेबाचे सॉफ्टवेअर एकत्र चालवणे जड जाते, ८ जीबी करून घ्यावी. दोन अँटिव्हायरस असतील तर एकच ठेवा. डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर बाकी सगळे थांबवून आधी फाइलींची प्रत काढा.

वायरीवर संशय असेल तर सेटिंग्जमध्ये नेटवर्क, त्यात इथरनेट उघडा आणि लिंक स्पीड वाचा. शेजारच्या संगणकावर १००० एमबीपीएस आणि तुमच्याकडे १०० दिसत असेल, तर बहुधा केबल दुखावली आहे. या केबलीत तारांच्या चार जोड्या असतात. १००० च्या वेगाला चारही लागतात, १०० ला दोन पुरतात. खुर्चीच्या चाकाखाली एखादी तार तुटली तरी जोडणी बंद पडतेच असे नाही, कधी ती गुपचूप मंदावते. म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही.

दुसरी तपासणी : कमांड प्रॉम्प्ट उघडून इंग्रजीत पिंग लिहा, जागा सोडून शेठजींच्या संगणकाचा आयपी क्रमांक, पुन्हा जागा सोडून उणे चिन्ह आणि टी हे अक्षर. दोन मिनिटांनी कंट्रोल आणि सी दाबून थांबवा. केबलने जोडलेल्या ऑफिसात उत्तर साधारण एका मिलिसेकंदाच्या आत येते आणि ‘लॉस्ट’पुढे शून्य असते. तिथे आकडा वाढताना दिसला तर परवानगी घेऊन शेजारची चांगली केबल लावून पाहा. तरी फरक नसेल तर स्विचचे दुसरे भोक वापरून पाहा. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर गुण कशाने आला ते कळत नाही.

‘धिस पीसी’मध्ये लाल फुली असलेली जुनी नेटवर्क ड्राइव्हही असू शकते. ऑफिसातून गेलेल्या एखाद्या संगणकाची वाट पाहत फोल्डर अडून राहतात. ती नको असल्याची खात्री करून डिस्कनेक्ट करा.

इंटरनेटचा महागडा प्लॅन घेऊन इथे काही होणार नाही. ही फाइल ऑफिसातल्या ऑफिसात फिरते, बाहेर जातच नाही. नवा संगणक घ्यायचे कारण वेगळे असू शकते : विंडोज १० ला मिळणारा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. तुमच्या यंत्रावर विंडोज ११ चालत नसेल तर ते बदलण्याचा विचार करावाच लागेल. पण केबल तुटकी असेल तर नवा संगणकही तसाच अडेल.

तपासणीचे आकडे तारीख-वेळेसह एका कागदावर लिहा. शेजारी बाकीच्या एका संगणकाचेही तेच आकडे लिहा. कागद शेठजींपुढे ठेवा. हात चालत नाही की केबल, हे त्यांना त्यावरून दिसेल, आणि दुरुस्तीवाल्यांनाही नेमके कुठे पाहायचे ते कळेल.