उलट्या मंत्राचा महामानव

सुपरहीरो म्हटलं की डोळ्यांपुढे अमेरिकाच येते. सुपरमॅन तिथला, बॅटमॅन तिथला, स्पायडरमॅनही तिथलाच. गगनचुंबी इमारतींच्या त्या देशात उडायला जागाही भरपूर! पण ब्रिटनमध्येही असाच एक उडणारा वीर जन्माला आला होता. त्याचा जन्म झाला एका कोर्टकचेरीमुळे, त्याचं नाव बदललं दुसऱ्या कोर्टकचेरीच्या धास्तीने आणि तो नेमका कोणाच्या मालकीचा याचा निकाल लागायला तब्बल पंचावन्न वर्षं जावी लागली. या वीराचं नाव मार्व्हलमॅन. त्याच्या चित्रकथांपेक्षा त्याची स्वतःची कथाच अधिक नाट्यपूर्ण आहे.

दोघांचं भांडण, तिसऱ्याची पंचाईत

कथेची सुरुवात होते अमेरिकेत. १९४०च्या प्रारंभी फॉसेट या प्रकाशनसंस्थेने ‘कॅप्टन मार्व्हल’ नावाचा नायक बाजारात आणला. लेखक बिल पार्कर आणि चित्रकार सी. सी. बेक यांची ही निर्मिती. बिली बॅट्सन हा पोरका मुलगा ‘शझाम’ असा मंत्र उच्चारतो, वीज कडाडते आणि त्या जागी लाल पोशाखातला धिप्पाड वीर उभा राहतो, अशी ही कल्पना. मुलांना ती इतकी भावली की एक काळ असा आला, जेव्हा कॅप्टन मार्व्हलने खपात खुद्द सुपरमॅनलाही मागे टाकलं.

सुपरमॅनच्या मालकांना हे कसं सहन होणार? त्यांनी १९४१मध्ये फॉसेटला कोर्टात खेचलं. ‘तुमचा कॅप्टन म्हणजे आमच्या सुपरमॅनची नक्कल,’ हा त्यांचा दावा. खटला वर्षानुवर्षं रेंगाळला. १९५१मध्ये अपील न्यायालयात न्यायमूर्ती लर्नेड हँड यांनी दिलेला निकाल फॉसेटला जड गेला. तोवर सुपरहीरोंच्या मासिकांचा खपही घसरू लागला होता. अखेर १९५३मध्ये फॉसेटने चार लाख डॉलर मोजून तडजोड केली आणि कॅप्टन मार्व्हलचा गाशा गुंडाळला.

अमेरिकेतल्या या तडजोडीने लंडनमधल्या एका माणसाच्या पोटात मात्र गोळा आला. त्याचं नाव लेन मिलर. युद्धानंतर ब्रिटनमध्ये परकीय चलनाची टंचाई होती. त्यामुळे अमेरिकी मासिकांच्या आयातीवर निर्बंध होते. याचा फायदा घेऊन ‘एल. मिलर अँड सन’ ही संस्था कॅप्टन मार्व्हलच्या कथा रीतसर परवाना घेऊन ब्रिटनमध्येच कृष्णधवल छापून विकत होती. धंदा तेजीत होता आणि आता अमेरिकेतून नवा माल येणंच बंद होणार होतं! गिऱ्हाईक दारात उभं आणि भट्टी विझलेली, अशी गत.

सात पेनीत अणुशक्ती

मिलरने मिक अँग्लोला गाठलं. १९१६ साली जन्मलेला अँग्लो स्वतः लिहायचा, चित्रं काढायचा आणि लंडनच्या गॉवर स्ट्रीटवर चित्रकारांना हाताशी धरून एक स्टुडिओ चालवायचा. त्याच्यापुढे काम होतं मोठं विचित्र. नवा नायक असा हवा, की वाचक मुलांना जुनाच वाटावा आणि वकिलांना मात्र नवा वाटावा!

अँग्लोने तोडगा काढला. काळ्या केसांचा कॅप्टन गेला, त्या जागी सोनेरी केसांचा मार्व्हलमॅन आला. लाल पोशाखाचा निळा झाला, पाठीवरचा झगा काढून टाकला. बिली बॅट्सनच्या जागी मिकी मोरन हा वर्तमानपत्राच्या कचेरीतला पोऱ्या आला. आणि मंत्र? तिथे तर अँग्लोने कमालच केली. ‘अ‍ॅटॉमिक’ या इंग्रजी शब्दाच्या शेवटी ‘सी’ऐवजी ‘के’ लिहायचा आणि तो शब्द उलटीकडून वाचायचा. झाला ‘किमोटा’! कॅप्टन मार्व्हलला शक्ती दिली होती एका म्हाताऱ्या जादूगाराने. मार्व्हलमॅनला ती दिली एका शास्त्रज्ञाने. ब्रिटनने ऑक्टोबर १९५२मध्ये आपला पहिला अणुबॉम्ब उडवून पाहिला होता. अणू या शब्दाभोवती तेव्हा भय होतं तसंच कुतूहलही होतं. जादूच्या जागी अणू बसवणं काळाला धरूनच झालं.

३ फेब्रुवारी १९५४ ही तारीख छापलेला ‘मार्व्हलमॅन’चा अंक बाजारात आला, तो पंचविसावा अंक म्हणून! पहिले चोवीस अंक कॅप्टन मार्व्हलचे होते. मिलरने नायक बदलला, पण क्रमांक चालू ठेवला. दुकानाची पाटी बदलावी, पण गल्ला तोच राहावा, असा हा हिशेब. किंमत सात पेनी. सोबत ‘यंग मार्व्हलमॅन’ हे भावंडही होतं. पुढे ‘किड मार्व्हलमॅन’ नावाचं धाकटं पात्र आलं आणि त्रिकूट पूर्ण झालं. या किडचं खरं नाव जॉनी बेट्स. हे नाव लक्षात ठेवायला हवं, कारण पुढे त्याने फार मोठा अनर्थ घडवला.

या कथा साध्या, गमतीदार आणि निरुपद्रवी होत्या. अमेरिकी भयकथांच्या मासिकांमुळे मुलं बिघडतात, अशी ओरड तेव्हा ब्रिटनमध्ये चालू होती आणि १९५५मध्ये पार्लमेंटने अशा प्रकाशनांविरुद्ध कायदाही केला. मार्व्हलमॅनकडे मात्र आईबापांनी बोट दाखवावं असं काही नव्हतं. दुष्ट गार्गुन्झा काहीतरी कारस्थान रचायचा, मिकी ‘किमोटा’ म्हणायचा आणि काही पानांत सगळं आलबेल व्हायचं.

पडद्यामागे मात्र सगळं आलबेल नव्हतं. आठवड्याला अंक म्हणजे कामाचा रगाडाच. चित्रकारांना पानावर पैसे मिळत. पुढे ‘ट्रायगन एम्पायर’ या चित्रमालिकेमुळे नावारूपाला आलेला डॉन लॉरेन्स याच स्टुडिओत तयार झाला आणि मोबदल्यावरून खटके उडाल्यावर बाहेर पडला. १९६०च्या सुमारास अमेरिकी मासिकं रंगीत कपड्यांत थेट ब्रिटनमध्ये उतरू लागली. त्यांच्यापुढे मिलरचा काळापांढरा वीर फिका पडला. अँग्लोने हात झटकले, मिलरने जुन्याच कथा पुन्हा छापून काही काळ ढकलला आणि १९६३मध्ये तीनशे सत्तराव्या अंकानंतर मार्व्हलमॅन थांबला.

मंत्र विसरलेला माणूस

हे अंक वाचणाऱ्या पोरांमध्ये नॉर्थॅम्प्टन गावचा अ‍ॅलन मूर नावाचा एक मुलगा होता. मार्व्हलमॅन संपला, पण या मुलाच्या डोक्यातून गेला नाही. समजा, हा मिकी मोरन मोठा झाला आणि आपला मंत्रच विसरला तर? लहानपणी गमतीचा वाटलेला हा प्रश्न मूर लेखक झाल्यावरही त्याच्यासोबत होता.

मार्च १९८२मध्ये डेझ स्किन या संपादकाने लंडनमध्ये ‘वॉरियर’ हे मासिक काढलं. त्यात मूरने लिहिलेला आणि गॅरी लीचने रेखाटलेला नवा मार्व्हलमॅन अवतरला. (मूरची ‘व्ही फॉर व्हेन्डेटा’ ही गाजलेली चित्रकथाही याच मासिकात सुरू झाली.)

नव्या कथेतला मायकेल मोरन हा मध्यमवयीन, संसारी पत्रकार आहे. डोकेदुखीने बेजार. रात्री आकाशात उडण्याची स्वप्नं पडतात, सकाळी काही आठवत नाही. एका अणुवीज केंद्रावर बातमीसाठी गेलेला असताना तिथे सशस्त्र टोळी घुसते. गोंधळात त्याला काचेच्या दारावरची ‘अ‍ॅटॉमिक’ ही अक्षरं मागच्या बाजूने, म्हणजे उलटी दिसतात. तो पुटपुटतो, ‘किमोटा’... आणि अठरा वर्षांनी वीज कडाडते!

इथवर मुलांची गोष्ट. पुढची मात्र मोठ्यांची. मूरने एकेक साधे प्रश्न विचारले. असा माणूस घरी परतला तर बायको काय म्हणेल? लिझ ही मोरनची बायको त्याच्या लहानपणीच्या साहसांची हकिगत ऐकून आधी चक्क हसते. मग कळतं, की ती साहसं घडलीच नव्हती. सरकारी प्रयोगशाळेत बेशुद्धावस्थेत ठेवलेल्या मुलांच्या डोक्यात भरवलेली ती स्वप्नं होती आणि त्यामागचा मेंदू होता गार्गुन्झाचा. अँग्लोच्या भाबड्या कथा मूरने खोट्या ठरवल्या नाहीत. त्यांना एक भीषण कारण दिलं.

आणि तो जॉनी बेट्स? तो इतकी वर्षं महामानवाच्या रूपातच राहिला होता. अमर्याद शक्ती आणि विचारणारं कोणी नाही, या दोन गोष्टींनी तो पार कुजून गेला होता. त्याने लंडन बेचिराख केल्याची चित्रं १९८८च्या पंधराव्या अंकात आली, ती पाहून भलेभले हादरले. त्याच्या पाडावानंतर महामानव जगाचा कारभार हाती घेतात. अण्वस्त्रं नष्ट करतात, पैसाच रद्द करतात. तेव्हाच्या पंतप्रधान थॅचरबाईही या कथेत हतबल होऊन रडताना दिसतात! जग सुखी होतं खरं, पण देवासारखा झालेला नवरा लिझला ‘तूही आमच्यासारखी हो’ म्हणतो, तेव्हा ती साफ नकार देते. माणूस असणं म्हणजे काय, हेच तू विसरलास, असा तिचा रोख असतो. सगळं जग ताब्यात घेणाऱ्या वीराच्या हातून घर मात्र सुटतं.

सुपरहीरोंच्या कथांमध्ये इतका खोल विचार त्यापूर्वी क्वचितच झाला होता. मूरची जगभर गाजलेली ‘वॉचमेन’ १९८६मध्ये आली. त्या वाटेवरचं पहिलं पाऊल मार्व्हलमॅनमध्येच पडलं होतं.

नाव बदला, नाहीतर...

पण इथेही कायदा आडवा आलाच. १९८४मध्ये अमेरिकेच्या मार्व्हल कॉमिक्सने ‘मार्व्हलमॅन’ या नावाला हरकत घेतली. गंमत अशी, की या कंपनीने ‘मार्व्हल’ हे नाव कायमचं धारण केलं ते १९६१च्या सुमारास. मार्व्हलमॅन तर १९५४चा! पण मोठ्यांच्या दारात न्याय मागायलाही पैसे लागतात. ‘वॉरियर’मध्ये मार्व्हलमॅन थांबला, १९८५च्या सुरुवातीला मासिकही बंद पडलं. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या एक्लिप्स कंपनीने कथा रंगीत करून पुढे चालू केली, ती ‘मिरॅकलमॅन’ या नव्या नावाने. १९८९मध्ये मूरने सोळाव्या अंकाशी आपलं काम संपवलं आणि लेखणी नील गेमन या तरुण लेखकाकडे सोपवली. गेमन आणि चित्रकार मार्क बकिंगहॅम यांची कथा रंगात आली असतानाच १९९३मध्ये चोविसाव्या अंकानंतर एक्लिप्स कोलमडली. कथा अर्ध्यावरच तुटली.

त्यानंतर सुरू झाला हक्कांचा गुंता. १९९६मध्ये एक्लिप्सची मालमत्ता टॉड मॅकफार्लेन या चित्रकार-प्रकाशकाने विकत घेतली. मिरॅकलमॅन त्यात आला की नाही, यावरून त्याच्यात आणि गेमनमध्ये वाजलं. स्किन, मूर, चित्रकार, एक्लिप्स, गेमन, मॅकफार्लेन... प्रत्येकाच्या हातात हक्काचा एकेक तुकडा असल्याची समजूत. या सगळ्या गदारोळात ज्याने ‘किमोटा’ हा शब्द घडवला, त्या म्हाताऱ्या मिक अँग्लोला कोणी विचारायचं?

आणि शेवटी विचारावंच लागलं! जुलै २००९मध्ये सॅन दिएगोच्या कॉमिक संमेलनात जाहीर झालं, की मार्व्हलमॅनचे हक्क थेट अँग्लोकडून विकत घेण्यात आले आहेत. घेणारं कोण? तर ज्यांनी पंचवीस वर्षांपूर्वी नावाला हरकत घेतली, तेच मार्व्हल कॉमिक्स! तेव्हा अँग्लो नव्वदी ओलांडलेला होता. ३१ ऑक्टोबर २०११ रोजी वयाच्या पंच्याण्णवाव्या वर्षी तो वारला. आपला मानसपुत्र आपलाच होता, हे मान्य झालेलं त्याने डोळ्यांनी पाहिलं, एवढं समाधान.

मूरने मात्र निराळीच भूमिका घेतली. अँग्लोला पैसे मिळतात याचा त्याला आनंद होता, पण मोठ्या कंपन्यांच्या पुस्तकांवर आपलं नाव नको, असं त्याने बजावलं. म्हणून २०१४पासून मार्व्हलने ते अंक पुन्हा छापले, तेव्हा लेखकाच्या जागी ‘मूळ लेखक’ एवढंच छापलेलं होतं. गेमन आणि बकिंगहॅम यांची अर्धवट राहिलेली कथा पुन्हा सुरू व्हायला २०२२ उजाडलं.

आणि तो मूळचा कॅप्टन मार्व्हल? त्याला १९७२मध्ये सुपरमॅनच्याच मालकांनी परवाना घेऊन घरी आणलं. पण मधल्या काळात ‘कॅप्टन मार्व्हल’ हे नाव मार्व्हल कॉमिक्सने पटकावलं होतं. त्यामुळे त्याच्या मासिकाला ‘शझाम’ हे नाव घ्यावं लागलं. २०१९मध्ये महिन्याभराच्या अंतराने दोन चित्रपट झळकले. एक ‘कॅप्टन मार्व्हल’, दुसरा ‘शझाम’. पहिल्याच्या नावात जो कॅप्टन होता तो भलताच आणि खरा कॅप्टन होता तो दुसऱ्यात!

आपल्याकडे ‘कसेल त्याची जमीन’ म्हणतात. कागदावरच्या शेतीत मात्र कसणारा एक, पीक नेणारा दुसरा आणि सातबारा तिसऱ्याच्याच नावावर, असं वारंवार घडत आलं आहे. मार्व्हलमॅनच्या बाबतीत निदान पहिल्या कसणाऱ्याचं नाव उशिरा का होईना, उताऱ्यावर लागलं. त्यासाठी अणुशक्ती कामी आली नाही आणि उलटा मंत्रही नाही. त्यासाठी म्हाताऱ्या अँग्लोला पंच्याण्णव वर्षांचं आयुष्य लाभावं लागलं.