रंगाला पैसे कशाला?

"नवीनच घे." गेल्या वर्षभरात हा सल्ला मी इतक्या वेळा ऐकलाय की आता कुणी तोंड उघडलं तरी मला पुढचं कळतं. देणारी माणसं भली. कुणी हार्डवेअरच्या दुकानातला, कुणी गणपतीला आलेला चाकरमानी, कुणी बँकेतला साहेब. पण लाकूड कातायचा लेथ यातल्या एकानेही कधी चालवलेला नाही. माझ्याकडे चाळीस हजार होते आणि एवढ्यात नवीन काय येतं ते मी चार ठिकाणी जाऊन बघून आलो होतो. म्हणून हे जरा रागाने लिहितोय. ज्याला पटणार नाही त्याने एकदा माझ्या दुकानात येऊन दहा इंची पाट कातून दाखवावा.

आमचं काम चिपळूणच्या बाजूला. पाळण्याच्या कांड्या, देव्हाऱ्याचे खांब, पलंगाचे पाय, पोलपाट, लाटणी, रव्या. लाकूड शिवणीचं, फणसाचं, आंब्याचं आणि गिऱ्हाइकाला परवडलं तर सागवान. वडिलांच्या वेळचा बिडाचा लेथ होता. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी गावात शिरली तेव्हा तोही पाण्याखाली गेला. लोखंड जागचं हललं नाही, पण सुकवायला ठेवलेले सागाचे ओंडके तरंगले आणि पाणी ओसरताना त्यातला एक थेट हेडस्टॉकवर आदळला. बिडाचं असं आहे, वजन कितीही ठेवा, ते सोसतं. घाव मात्र सोसत नाही, तडकतं. आणि तडकलेलं बीड वेल्डिंगला सहजासहजी दाद देत नाही. पितळेने जोडून घेतलं, त्यावर तीन वर्षं काढली. २०२४ च्या गणपतीच्या तोंडावर तीच चीर बेअरिंगच्या घरापर्यंत पोचली. मोटर मात्र, जी त्याच पुरात बुडून चिखलाने भरली होती, ती नवी तार गुंडाळून घेतल्यापासून आजही चालतेय. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

चाळीस हजारांत नवीन येतो तो टेबलावर ठेवायचा लेथ. वजन चाळीसेक किलो. छान रंग, वेग कमीजास्त करायचं गोल बटण, फेऱ्यांचे आकडे दाखवणारी काच. विकणारा आधी ती काच दाखवतो. मी त्याला विचारलं, बेड कशाचा? तो म्हणाला, "मजबूत आहे." मी विचारलं, स्पिंडलचे आटे कुठले? तो म्हणाला, "स्टँडर्ड." हे दोनच प्रश्न खरे होते, आणि उत्तर एकाचंही मिळालं नाही. आटे चालू मापाचे नसतील तर उद्या फेसप्लेट किंवा चक हवा झाला की त्याच कंपनीच्या दारात उभं राहावं लागतं. तोवर कंपनीने ते मॉडेल बंद केलेलं असलं तर झालंच.

वजनाचं सांगतो, कारण सगळं तिथेच आहे. दीड इंची लाटणं मिनिटाला हजार फेऱ्यांनी फिरलं तर त्याचा पृष्ठभाग ताशी सात किलोमीटरने पळतो, म्हणजे माणूस भरभर चालल्यासारखा. त्याच हजार फेऱ्यांवर दहा इंची पाट लावा, त्याची कडा ताशी अठ्ठेचाळीस किलोमीटरने जाते. मोटारसायकलच झाली ती. आणि पाटाचं लाकूड सुरुवातीला गोल नसतं. एका बाजूला गाठ, एका बाजूला कोपरा, एक बाजू जड. अशी फणसाची फळी हलक्या मशीनवर फिरवली की मशीन टेबलासकट चालायला लागतं. हात थरथरतो, पटाशी उडते, रेषा फाटते. "खाली वाळूच्या गोण्या टाक," असं सांगणारे आहेत. गोण्यांनी टेबल हलायचं थांबेल. पातळ बेड पिळवटतो त्याचं काय? बिडाच्या पोटात ग्राफाइट असतं, ते थरथर गिळतं. म्हणून यंत्राचा पाया बिडाचा ओततात. पत्र्याला आणि नळीला ती विद्या नाही.

दुसरी गोष्ट आमच्या पावसाची. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, जून ते सप्टेंबर घरातलं मीठसुद्धा पाणी सोडतं. दिव्याची वीज कधी मंद, कधी भडकते. त्यात ते वेगाचं बटण एका इलेक्ट्रॉनिक पट्टीवर चालतं. ती पट्टी गेली की लेथ उभा. चिपळुणात ती दुरुस्त करणारा मला सापडला नाही. पायऱ्यांच्या पुलीवर पट्टा सरकवायला अर्धं मिनिट लागतं. लागू दे की. लाटण्याला वरची पायरी, पाटाला खालची, दिवसातून चारदा बदलायची. तेवढ्यात माझा चहाही होतो.

लहान मशीन वाईट, असं माझं म्हणणं नाही. पुण्यात गॅलरीत बसून हौसेने पेनं आणि कीचेन कातणाऱ्याला ते उत्तम आहे. पण पाळण्याच्या कांड्या दोन फुटी आणि एका ऑर्डरला तीसचाळीस. पोट त्यावर चालवायचं असेल तर गोष्ट वेगळी.

आता दुसरे सल्लागार, हे जास्त गोड बोलतात. "यंत्र कशाला, जुना दोरीचा चरक लावा, हाताने केलेल्याला शहरात भाव आहे." सावंतवाडीच्या चितारआळीतली खेळणी बघून आलेले असतात. सावंतवाडी १९८१ पर्यंत आमच्याच रत्नागिरी जिल्ह्यात होती, तिथल्या लाखकामाबद्दल मला आदर आहे. फिरत्या लाकडाला लाखेची कांडी टेकवली की घासण्याच्या उष्णतेने लाख वितळून लाकडात मुरते. हे बघायला मलाही आवडतं. पण दोरीच्या चरकाला दोन माणसं लागतात, एक कातणारा आणि एक दोरी ओढणारा. पुढे-मागे, पुढे-मागे, दिवसभर. आमच्याकडे दोरी माझी आजी ओढायची. वडिलांनी मोटर घेतली त्या दिवशी तिचे खांदे सुटले. ज्याला हाताचा चरक हवा त्याने आधी सांगावं, दोरी कोण ओढणार? त्याची बायको, की माझी?

तर मग चाळीस हजारांत काय? जुनं बीड. राजकोट, बटाला इथे ओतलेले जुने लेथ अजून बंद पडलेल्या सुतारी कारखान्यांत धूळ खात आहेत. कठडे स्टीलचे झाले, पलंग तयार यायला लागले, तसे ते बाहेर निघतायत. मला एक कोल्हापूरच्या बाजूला लागला. चार फुटी, अडीचशे किलोच्या आसपास, गंजलेला.

जुनं घेताना लोक मोटर चालू करून आवाज ऐकतात. मोटर हा सगळ्यात शेवटी बघायचा भाग. मघाशी सांगितलं ना, पाण्यातून काढलेली मोटर पुन्हा चालते. वाकलेला बेड नाही चालत. मी आधी पट्टा काढायला लावला. मग स्पिंडल हाताने फिरवला. खरखर लागली. लागू दे, बेअरिंग ६२०६ नंबरचं, आतलं भोक तीस मिलिमीटर, कुठल्याही बेअरिंगच्या दुकानात मिळतं. मग फेसप्लेट दोन्ही हातांनी धरून पुढे-मागे हलवली. बेअरिंग बदलून जाईल असा ढिलेपणा चालतो, पण बेअरिंगचं घरच झिजलं असेल तर उठून चहा पिऊन परत यावं. मग हेड आणि टेल, दोन्हींत टोकं घातली आणि टेल सरकवत आणून टोकाला टोक भिडवलं. दोन टोकं समोरासमोर आली नाहीत तर लांब कांडी एकीकडे जाड, एकीकडे बारीक निघते. मग बेडवर लोखंडी पट्टी उभी धरून पलीकडून बॅटरी मारली. खालून उजेड किती येतो ते बघायचं. शेवटी लहान हातोडीने हेडस्टॉकला हळूच टकटक केलं. सलग बीड खणकन बोलतं, तडकलेलं भद्द आवाज करतं. ताजा रंग दिसला तर ही टकटक दोनदा करावी. गंज मला चालतो, गंज खरं बोलतो. वर्षभर पडून असलेल्या लेथला कुणी कालच रंग काढला असेल, तर त्याने काहीतरी झाकलंय असंच मी धरून चालतो.

लेथ सव्वीस हजारांना पडला, टेम्पो कुंभार्ली घाटाने सहा हजारात. बेअरिंग, पट्टा, एक पुली कातून घेणं, रॉकेल, पॉलिश पेपर मिळून चार. छत्तीस हजार. मोटर माझी होतीच.

आणि आता ज्याच्यामुळे खरा राग आहे ते. लेथ घेण्याआधी मी कर्ज विचारायला गेलो होतो. १७ सप्टेंबर २०२३ ला पंतप्रधान विश्वकर्मा योजना सुरू झाली, त्यात अठरा धंदे आहेत, सुतारही आहेत. अवजारांसाठी पंधरा हजारांपर्यंतचं व्हाउचर, पहिल्या टप्प्यात एक लाखापर्यंतचं कर्ज, पाच टक्क्यांनी. योजना कागदावर चांगली आहे, हे मी कुणाशीही वाद घालून सांगेन. पण पंधरा हजारांत लेथ येत नाही, म्हणून कर्ज. एका बँकेत मला सांगितलं, जीएसटीचं कोटेशन आणा, नव्या मशीनचं. जुन्याचं चालणार नाही. का, ते नाही सांगितलं. तसा नियम कुठे लिहिलाय तेही दाखवलं नाही. म्हणजे मी चाळीस किलोचा रंगीत डबा घेतला तर मी पत असलेला कारागीर, अडीचशे किलोचं बीड घेतलं तर भंगारवाला.

हीच बँक जुन्या चारचाकीला कर्ज देते. त्यासाठी मूल्यांकन करणारा ठेवलाय, तो गाडी बघतो, आकडा लिहितो, सही करतो. लेथला हे का नको? जिल्ह्यात आयटीआय आहेत, तिथे फिटर आणि टर्नर शिकवणारे आहेत. टोकाला टोक भिडतं का, बेअरिंगचं घर शाबूत आहे का, हे त्यातला कुणीही तासाभरात लिहून देईल. त्याची फी हजार रुपये झाली तरी मी आनंदाने भरीन. गाडी दहा वर्षांत पत्रा होते. वडिलांचा लेथ चिरेपर्यंत माझ्यापेक्षा वयाने मोठा होता.

संगमेश्वरकडच्या एका पोराला असाच हवाय. काम चांगलं आहे त्याचं, हातात तीस हजार आहेत. पुढच्या मंगळवारी आम्ही दोघे घाट चढतोय, माझी लोखंडी पट्टी आणि बॅटरी घेऊन. बँकेत तो गेलेला नाही. मी सांगितलं त्याला, एकदा जाऊन ये, नाही म्हणाले तर लेखी माग.