निमंत्रण म्हणजे निवड नव्हे

अमेरिकेतील महाविद्यालयीन क्रीडाशिष्यवृत्तीचे आकर्षण आता तेथे स्थायिक झालेल्या कुटुंबांपुरते उरलेले नाही. सोमदेव देववर्मन याने व्हर्जिनिया विद्यापीठाकडून खेळताना २००७ व २००८ अशी लागोपाठ दोन वर्षे तेथील महाविद्यालयीन टेनिसचे एकेरीचे अजिंक्यपद मिळविले. तेजस्विन शंकर याने कॅन्सस स्टेट विद्यापीठातर्फे २०१८ व २०२२ मध्ये उंच उडीत तोच मान संपादन केला. आपल्याही मुलाला असे दार उघडावे, असे न्यू जर्सीतील मराठी पालकास वाटते, तसेच ते पुण्यातील पालकासही वाटू लागले आहे. ही आकांक्षा गैर नाही. मात्र तिच्याभोवती जो बाजार उभा राहिला आहे, त्याचे व्यवहार समजून न घेता घरची शिल्लक त्यात ओतणे शहाणपणाचे नव्हे.

प्रथम प्रमाण ध्यानात घ्यावे. शालेय खेळाडूंपैकी शेकडा दोनच्या आसपास विद्यार्थ्यांनाच महाविद्यालयीन क्रीडाशिष्यवृत्ती लाभते, असे या खेळांचे नियमन करणारी एन.सी.ए.ए. ही संघटनाच सांगते. तिच्या तिसऱ्या श्रेणीतील महाविद्यालये खेळासाठी एक डॉलरही देत नाहीत. हार्वर्ड, येल आदी आयव्ही लीगमधील विद्यापीठांचेही धोरण तेच. जेथे ती मिळते, तेथेही ती सर्वच खर्च भागवील असे नाही. पुष्कळदा ती अंशतः व एकेका वर्षापुरतीच असते.

उन्हाळी शिबिरांची गोष्ट याहून नाजूक आहे. महाविद्यालयाच्या मैदानावर भरणारी ही शिबिरे बहुधा तेथील प्रशिक्षकच चालवितात आणि त्यांच्या शुल्कातून त्यांना उत्पन्न होते. पहिल्या श्रेणीचा नियम असा की, ही शिबिरे सर्वांना खुली असली पाहिजेत. मर्यादा घालावयाची ती केवळ संख्या, वय, इयत्ता आणि मुलगा-मुलगी एवढ्याच बाबतींत. म्हणजे ज्या पत्रात ‘आपल्या पाल्याची खास दखल घेण्यात आली आहे’ असे छापलेले असते, ते अनेकदा शेकडो घरी गेलेले माहितीपत्रक असते. शिबिराचे माहितीपत्रक केव्हाही पाठविता येते. पण बहुतेक खेळांत दहावीचे वर्ष संपल्यानंतरच्या १५ जूनपूर्वी पहिल्या श्रेणीच्या प्रशिक्षकास खेळाडूशी निवडीबाबत वैयक्तिक पत्रव्यवहार करता येत नाही. हा एक नियम ठाऊक असला तरी पुष्कळ भ्रम दूर होईल.

याचा अर्थ शिबिरे निरर्थक आहेत असा नव्हे. प्रशिक्षकाने मुलाची कामगिरी आधीच पाहिली असेल आणि विशिष्ट प्रकारासाठी त्याचा विचार चालविला असेल, तर शिबिर ही प्रत्यक्ष पारखण्याची उत्तम संधी ठरते. म्हणून पैसे भरण्यापूर्वी मुलानेच प्रशिक्षकास दोन सरळ प्रश्न विचारावेत: माझ्या वर्षासाठी या जागेवर आपणांस खेळाडू हवा आहे काय? आपण माझा खेळ पाहिला आहे काय? ज्यास खरोखर रस आहे, त्याला या प्रश्नांची अडचण वाटणार नाही.

हमखास प्रवेशाची ग्वाही देणाऱ्या मध्यस्थांपासून तर दूरच राहावे. २०१९ मध्ये उघडकीस आलेल्या प्रकरणात काही प्रशिक्षकांनी लाच घेऊन, तो खेळ कधी खेळलेही नाहीत अशा श्रीमंतांच्या मुलांची नावे खेळाडू म्हणून पुढे केली होती. त्या व्यवहाराच्या सूत्रधारास जानेवारी २०२३ मध्ये साडेतीन वर्षांची शिक्षा झाली. ज्या होतकरू खेळाडूंच्या जागा गेल्या, त्यांची नावे मात्र कुणास ठाऊक नाहीत.

२०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावलौकिकावर कमाई करण्याची मुभा मिळाली, आणि जून २०२५ मध्ये न्यायालयाने मान्य केलेल्या तडजोडीनंतर पहिल्या श्रेणीतील महाविद्यालये त्यांना थेट पैसेही देऊ शकतात. पण हा ओघ मुख्यतः अमेरिकन फुटबॉल व बास्केटबॉल यांकडे वाहतो. शिवाय विद्यार्थी व्हिसावर गेलेल्या मुलाच्या रोजगारावर कडक निर्बंध असतात. त्या रकमांच्या बातम्या वाचून भारतातील पालकाने हिशेब मांडू नये.

या सर्व गदारोळात दुर्लक्षित राहतो तो अभ्यास. पहिल्या श्रेणीत पात्र ठरण्यासाठी इंग्रजी, गणित, विज्ञान, सामाजिक शास्त्रे अशा विषयांचे १६ अभ्यासक्रम पूर्ण करून त्यांत चारपैकी किमान २.३ गुणांक मिळवावा लागतो, आणि नववीपासूनची गुणपत्रके सादर करावी लागतात. आपल्याकडे दहावीच्या तुलनेत नववीला कोणी मोजत नाही. यास्तव क्रीडाशिक्षक, वर्गशिक्षक आणि नववीचे दप्तर नीट जपणारा शाळेचा लिपिक हे त्रिकूट अशा मुलाला महागड्या सल्लागाराहून अधिक उपयोगी पडेल.

अखेरीस मुलाला एक प्रश्न घरीच विचारावा. पहिल्याच वर्षी गुडघा दुखावून खेळ थांबला, तरीही त्या महाविद्यालयात शिकावयास तुला आवडेल काय? उत्तर नकारार्थी असेल, तर प्रशिक्षकाचे पत्र कितीही गोड असो, ते महाविद्यालय त्याच्यासाठी नव्हे.