‘नीट’मधलं ‘१० ते १७’ संसारात चालेलच असं नाही!

लातूर-नांदेडच्या शिकवणी वर्गांत बारावी बायोलॉजीतला एक आकडा मुलांना तोंडपाठ असतो : १० ते १७. पाळीच्या १० ते १७ या दिवसांत शरीरसंबंध टाळून गर्भधारणा टाळण्याची पद्धत एनसीईआरटीच्या पुस्तकात दिली आहे. ‘नीट’ला प्रश्न आला तर उत्तर हेच आणि गुण चार. पण लग्नानंतर कुणी याच आकड्यावर विसंबून राहिलं, तर फसगत होऊ शकते. कशी, ते समजून घेऊया.

नेमकं काय घडतं?

पाळी सुरू होते तो पहिला दिवस. स्त्रीबीज साधारणपणे पुढच्या पाळीच्या १४ दिवस आधी अंडाशयातून बाहेर पडतं आणि १२ ते २४ तासच टिकतं. शुक्राणू मात्र स्त्रीच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतात. त्यामुळे गर्भ राहण्याची शक्यता बीज सुटण्याआधीचे पाच दिवस आणि तो दिवस, अशी एकूण सहा दिवस असते.

आकडा कुठे कमी पडतो?

२८ दिवसांनी पाळी येणाऱ्या स्त्रीचे हे सहा दिवस साधारण ९ ते १४. म्हणजे नववा दिवस सूत्राच्या बाहेरच राहिला. २४ दिवसांनी पाळी येत असेल तर हेच दिवस ५ ते १०. सूत्र मात्र ५ ते ९ हे दिवस बिनधोक ठरवतं! ३२ दिवसांच्या चक्रात बीज १८व्या दिवशी सुटतं. तोही दिवस सूत्राबाहेर.

इंजिनिअरिंगमध्ये पूल सरासरी भार धरून बांधत नाहीत, जास्तीत जास्त भार धरून बांधतात. इथेही तेच तत्त्व हवं. मोबाइलमधलं तारखा सांगणारं साधं ॲपही मागच्या पाळ्यांवरूनच अंदाज बांधतं. अंडाशयात काय चाललंय, ते त्याला दिसत नाही. आजारपण किंवा ताणामुळे बीज सुटणं पुढे गेलं, की अंदाज चुकला.

मग ही पद्धत टाकाऊ आहे का?

नाही. पाळी नियमित २६ ते ३२ दिवसांनी येत असेल, तर ८ ते १९ हे दिवस टाळावेत, अशी ‘स्टँडर्ड डेज’ पद्धत आहे. ती काटेकोर पाळली तरी वर्षभरात १०० पैकी साधारण ५ स्त्रियांना दिवस जातात. रोजच्या व्यवहारात हे प्रमाण १२ पर्यंत जातं. शरीरही खुणा देतं. बीज सुटण्याच्या सुमारास अंगावरून जाणारा स्राव कच्च्या अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा पातळ आणि ताणला जाणारा होतो. बीज सुटल्यावर सकाळचं शरीराचं तापमान किंचित वाढतं.

पाळी अनियमित असेल, नुकतंच बाळंतपण झालं असेल किंवा पीसीओडी असेल, तर केवळ तारखांवर विसंबू नये. लैंगिक आजारांपासून तर ही पद्धत अजिबात वाचवत नाही. त्यासाठी निरोधच लागतो.

मूल हवं असेल तर?

खरा उपयोग इथे आहे. याच सहा दिवसांत, एक दिवसाआड का होईना, संबंध आले तर शक्यता वाढते. याला खर्च शून्य. वर्षभर प्रयत्न करूनही दिवस राहिले नाहीत, तर डॉक्टरांकडे जावं. वय ३५ च्या पुढे असेल तर सहा महिन्यांनीच. तपासणी मात्र दोघांची व्हावी, एकट्या सुनेची नको.

करायला काय हवं?

निरोध, ‘छाया’ गोळी, ‘अंतरा’ इंजेक्शन सरकारी दवाखान्यांत मोफत मिळतात. निरोध आणि गोळ्यांसाठी गावातल्या आशाताईंनाही विचारता येतं. पण ही साधनं वापरणाऱ्या कित्येक जोडप्यांना आपलं चक्र कसं चालतं, हे कुणी समजावलेलंच नसतं. आणि ज्या मुलामुलींना आपण ते शिकवतो, त्यांना ते गुणांपुरतं शिकवतो.

शिकवणीतल्या सरांनी आणि मॅडमनी ‘१० ते १७’ लिहून द्यावंच, परीक्षेला ते लागतं. त्यासोबत एवढं एक वाक्य जरूर सांगावं : हा आकडा पेपरसाठी आहे, प्रत्येकीचं चक्र वेगळं असतं. आणि हे वाक्य मुलांनीही ऐकायला हवं. तारखा लक्षात ठेवणं ही एकट्या बाईची जबाबदारी नाही.