पाठीवरची कवटी

गेल्या भाद्रपदातील गोष्ट. आळंदच्या बाजूस एका घरी आजीबाई तापाने अंथरुणास खिळल्या होत्या. रात्री दिव्यावर एक भला मोठा पतंग आला आणि भिंतीवर बसला. त्याच्या पाठीवर कवटीची हुबेहूब आकृती! केरसुणी लागताच तो चीं चीं ओरडला. मरण निरोप घेऊन आले, अशी घरच्या मंडळींची खात्री झाली. डॉक्टरांचे औषध फळीवर ठेवून त्यांनी आम्हांस बोलावणे धाडले.

आम्ही आजींपाशी प्रार्थना केली आणि मग विजेरी घेऊन भिंतीकडे वळलो.

ससाण्यासारखा वेगाने उडतो म्हणून इंग्रजांनी ज्या पतंगकुळास ससाण्याचे नाव दिले, त्यांतलाच हा. आपल्याकडील दोन जातींच्या पाठीवर कवटी असते, तेव्हा ओळख पंखांवरूनच पटवावी लागते. काडीने पुढचा पंख हलकेच सारला. मागचा पंख हळदीसारखा पिवळा, त्यावर दोन काळे पट्टे. पंखाच्या मुळाशी काळा डाग पसरलेला असता तर तो लॅकेसिस ठरता. येथे मूळही पिवळेच होते. पुढच्या पंखावर नारिंगी ठिपका. म्हणजे हा स्टिक्स. लॅकेसिसचे वर्णन फॅब्रिशियसने १७९८ मध्ये केले, स्टिक्सचे वेस्टवूडने १८४७ मध्ये. एक नाव ग्रीकांच्या आयुष्य मोजणाऱ्या देवतेचे, दुसरे त्यांच्या पाताळातील नदीचे. कवटी पाहून पंडितांचेही मन मृत्यूकडेच धावले, मग घरच्या बायामंडळींस काय बोल लावावा?

ओरडण्याचे कारण साधे आहे. आखूड सोंडेतून तो हवा आत ओढतो नि बाहेर सोडतो. त्याच सोंडेने तो सातेरी माश्यांच्या पोळ्यात शिरून मध चोरतो.

“घरामागे तीळ पेरला आहे काय?” आम्ही विचारले. थोरला मुलगा चपापला. “होय फादर, तुरीच्या कडेने.” याची अळी तिळाचा पाला खाते. बोटाहून जाड, अंगावर तिरपे पट्टे आणि शेपटीकडे वाकडे शिंग. शिंगाला विष असते असे लोक समजतात. ते निरुपद्रवी आहे.

मुलास पतंग चिरडावयाचा होता. तिळाचा विचार करता त्याचे फारसे चुकत नव्हते, पण आजी म्हणाल्या, “आधी मला दाखवा.” पाहून त्या म्हणाल्या, “एवढ्याशाला भ्यालात?” सुनेने निमूटपणे फळीवरची बाटली काढून चमचा भरला.

सकाळी मुलाने तिळातून सात अळ्या वेचल्या. उरलेल्या मातीत शिरून कोश करतील, म्हणून काढणीनंतर रान खोल नांगरावे, असे आम्ही त्यास सांगून आलो.