पहिल्या नोकरीआधी पत्र्याची पेटी उघडा

बारावीचा निकाल लागला की आमच्याकडे आईबाप मुलाला घेऊन येतात. प्रश्न ठरलेला असतो : "याला कुठे चिकटवता येईल?" आम्ही उलट विचारतो, "याच्या आजोबांचा शाळेचा दाखला घरात आहे का?" सगळे एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागतात. नातवाच्या नोकरीचा आणि आजोबांच्या दाखल्याचा संबंध काय? संबंध आहे, आणि तो आम्ही पोळून शिकलो आहोत.

आमच्या थोरल्या बंधूंचा मुलगा एका सरकारी कार्यालयात लिपिकाच्या राखीव जागेवर निवडला गेला. वस्तीत पेढे वाटले. सहा महिन्यांत जात वैधता प्रमाणपत्र आणून द्या, अशी अट होती. त्याच्या आजोबांच्या शाळेतील नोंदीत नुसते नाव आणि बापाचे नाव, आडनावच नाही. वडिलांच्या दाखल्यात नवे आडनाव आणि जातीच्या रकान्यात फक्त 'बौद्ध'. हा त्यांचाच मुलगा, हे कागदाने सिद्ध करता करता गावची शाळा, तहसील, समिती अशा खेपा झाल्या. प्रमाणपत्र मिळाले ते नवव्या महिन्यात. तोवर नेमणूक रद्द झाली होती. आज तो एका कारखान्यात रात्रपाळी करतो. तो विषय निघाला की आमच्या वहिनी उठून आत जातात. कार्यालयाने थोडी मुदत द्यायला हवी होती, हे खरे. पण कागदांची आठवण आम्हां मोठ्या माणसांना नेमणुकीच्या पत्रानंतर झाली, हेही तितकेच खरे.

हा घोळ आपल्याच घरांत जास्त का होतो? अनुसूचित जातींची यादी 10 ऑगस्ट 1950 च्या आदेशाने लागू झाली, म्हणून त्या तारखेच्या आधीचा जातीचा आणि वास्तव्याचा पुरावा मागतात. पुढे 14 ऑक्टोबर 1956 ला नागपूरला धम्मदीक्षा झाली. त्यानंतर शाळेत गेलेल्या पिढीच्या दाखल्यावर 'बौद्ध' लागले. केंद्राच्या यादीत बौद्धांचा समावेश झाला तो 1990 च्या दुरुस्तीने. म्हणजे आजोबांच्या कागदावर एक शब्द, वडिलांच्या कागदावर दुसरा. हे दोन कागद जोडणारी वंशावळ आपणच उभी करायची असते.

तेव्हा या रविवारी घरातली पत्र्याची पेटी खाली काढा. आजोबा किंवा चुलत आजोबा शाळेत गेले असतील, तर शाळेच्या प्रवेश-निर्गम रजिस्टरचा उतारा काढा. शाळेत गेले नसतील, तर तहसील कचेरीत जुन्या जन्ममृत्यूच्या नोंदी, म्हणजे कोतवाल बुक, शोधा. वतनी जमिनीचे जुने कागदही कामी येतात. वडिलांकडच्या नात्यात कुणाला वैधता मिळाली असेल, तर त्याची प्रत मागून घ्या. नावात फरक असेल तर प्रतिज्ञापत्र करा, स्वतःचे नाव बदलले असेल तर राजपत्राची प्रत जपा. इंजिनिअरिंग, नर्सिंग, फार्मसीकडे जायचे असेल, तर अकरावी-बारावीत असतानाच कॉलेजच्या पत्रासह अर्ज करा. तेव्हा मिळालेले प्रमाणपत्र पुढे नोकरीलाही चालते. केंद्राच्या नोकरीसाठी जातीच्या दाखल्याचा नमुना वेगळा असतो, तोही वेळीच काढून ठेवा.

कागद झाले. आता मुलाकडे वळू.

'जागा निघाली की फॉर्म भरू' याला नियोजन म्हणत नाहीत. आमच्या ओळखीचा एक तरुण पोलीस भरतीसाठी दोन वर्षे पहाटे धावला. मैदानावर उंची मोजली तेव्हा 163 सेंटिमीटर भरली. पुरुषांना 165 लागते, महिलांना 155. टेप घरीच लावली असती तर दोन वर्षे वाचली असती. म्हणून कोणत्याही जागेसाठी आधी पात्रता वाचा, मग कंबर कसा. शिपाई भरतीत मैदानाचे 50 गुण आणि लेखीचे 100. तरी आमची मुले गोळा आणि 1600 मीटर धावणे यांतच सगळा दिवस घालवतात आणि गणिताचे पुस्तक कोरे राहते.

दुसरी गोष्ट वयाची. राज्यसेवेत मागासवर्गीयांना 43 वर्षांपर्यंत वय चालते. ही सवलत आहे, वाट पाहण्याचा परवाना नव्हे. स्पर्धा परीक्षा जरूर द्या, पण किती वर्षे देणार ते घरात बसून आधी ठरवा आणि भिंतीवर लिहा. आणि हाताशी एक कसब ठेवा. आयटीआयमध्ये वेल्डर एका वर्षात होतो, फिटर आणि इलेक्ट्रिशियन दोन वर्षांत. त्यानंतर 1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली कारखान्यात विद्यावेतन घेऊन शिकता येते. पहिल्या नोकरीला अनुभव विचारतात. तो इथे मिळतो. मुलींनाही हे दरवाजे उघडे आहेत. मुलीच्या लग्नासाठी बाजूला ठेवलेल्या पैशांतून आधी तिची फी भरा, असे आम्ही हात जोडून सांगतो.

अर्ज स्वतः भरा. दुसऱ्याने भरलेल्या अर्जातली जन्मतारखेची चूक तुम्हालाच भोवते. 'साहेबांशी ओळख आहे' म्हणून पैसे मागणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. मुलाखतीला येत नसेल त्याला सरळ "माहीत नाही" म्हणा. आडनाव ऐकून कुणी "मूळचे कुठले तुम्ही?" असे खोदून विचारले, तर मान खाली घालू नका. गावाचे नाव सांगा, मग आपल्याला काय काम येते ते सांगा.

आमच्या पुतण्याने आता स्वतःच्या मुलीची फाईल केली आहे. मुलगी सातवीत आहे. फाईलवर तिचे नाव, आत पहिला कागद पणजोबांचा. एका घराने उशिरा का होईना, धडा घेतला. तुमच्या घराने तो आमच्यासारखी किंमत मोजून घेऊ नये, एवढ्यासाठीच हे लिहिले.